नाशिकच्या मालेगाव स्टँडजवळचे कॉम्प्युटरवाले काका आणि आमचा अकरा वर्षांचा डेस्कटॉप

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांचं काम होईल. २०१४ च्या दिवाळीत घेतलेला आमचा डेस्कटॉप, ज्याच्याकडे बघून एका मोठ्या दुकानात "मदरबोर्ड गेलाय मॅडम, याच्यावर आता खर्च करू नका" असं सांगितलं होतं, तो ४,१४० रुपयांत नीट झाला आणि नोव्हेंबरपासून रोज पाच-सहा तास काही कुरकुर न करता चालतोय. मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डाला, काहीही झालेलं नव्हतं. नवीनसाठी ३६ हजारांचं कोटेशन मिळालं होतं, तेही मॉनिटर सोडून, आणि मी ते घेणारच होते, पैसे पण वेगळे काढून ठेवले होते.

आता सविस्तर सांगते, कारण मला वाटतं की माझ्यासारखी खूप घरं असतील जिथे कॉम्प्युटर स्लो झाला की "जुना झालाय" म्हणून विषय संपतो.

मी इंदिरानगरला घरी गणिताचे क्लास घेते, आठवी ते दहावी. कॉम्प्युटरवर माझं काम म्हणजे प्रश्नपत्रिका टाइप करायच्या, प्रिंट काढायच्या, मुलांच्या मार्कांचं एक्सेल, बस. पण डी ड्राइव्हमध्ये दहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत, भूमितीच्या आकृत्या मी हाताने काढून स्कॅन करून ठेवल्यात त्या आहेत, आणि आमच्या मुलाचे पहिलीपासूनचे सगळे फोटो. म्हणजे डबा जुना असला तरी आतला माल माझ्यासाठी सोन्याचा आहे.

तर मागच्या पावसाळ्यापासून त्याचं सुरू झालं. सकाळी बटण दाबून मी चहा टाकायचे, चहा गाळून कप घेऊन येऊन बसले तरी स्क्रीनवर ते गोल फिरतच असायचं, एकदा घड्याळ लावून बघितलं तर नऊ मिनिटं लागली. मग फोल्डर उघडायला गेलं की सगळंच हँग, माउस हलतोय पण बाकी काही नाही, मिनिटभराने एकदम सगळं उघडायचं. त्यात भर म्हणजे तारीख. रोज सकाळी कॉम्प्युटर २०१४ सालात असायचा, आणि तारीख चुकीची असली की वेबसाइटच उघडत नाहीत, तुमचं कनेक्शन सुरक्षित नाही असं काहीतरी येतं, मग रोज उठून आधी हाताने तारीख बदलायची. आणि ऑक्टोबरमध्ये तर अर्ध्या तासाने धप्पकन बंद पडायला लागला. वर विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्याचा मेसेज सारखा समोर यायचा. आता हे सगळं एकाच वेळी व्हायला लागल्यावर कुणाला पण वाटणार ना की याचे दिवस भरले. मुलगा पुण्याहून फोनवर म्हणे आई तू नवीन घे, आमचे हे पण म्हणाले घेऊन टाक एकदाचा.

मोठ्या दुकानात काय झालं ते थोडक्यात. सीपीयू, म्हणजे कॉम्प्युटरचा डबा, गाडीत घालून नेला. काउंटरवरच्या मुलाने वायरी लावल्या, बटण दाबलं, दोन-तीन मिनिटं थांबला, किती साली घेतला विचारलं, आणि मदरबोर्ड गेलाय म्हणाला. झाकण उघडलं नाही. एक स्क्रू काढला नाही. मला तेव्हा ते खटकलं सुद्धा नाही, कारण मोठं दुकान, एसी, युनिफॉर्म, म्हटलं यांना कळत असणार. घरी आल्यावर क्लासला येणाऱ्या एका मुलीच्या वडिलांशी सहज बोलणं झालं, ते म्हणाले मॅडम घ्यायच्या आधी एकदा आमच्या पंचवटीतल्या काकांना दाखवा, ते नाही म्हणाले तर मग खुशाल घ्या.

काकांचं दुकान म्हणजे होळकर पूल ओलांडून मालेगाव स्टँडकडे जाताना आत एक गल्ली आहे तिथे एक शटर, बोर्डाचा रंग पार उडालाय, आजूबाजूला कुणालाही कॉम्प्युटरवाले काका कुठे बसतात विचारलं की दाखवतात. मी आधी फोन केला. उचलला नाही. तीन तासांनी त्यांचाच आला, आणि इथून मला हा माणूस वेगळा वाटायला लागला, कारण घेऊन या असं त्यांनी म्हटलंच नाही, आधी प्रश्न विचारायला लागले.

"ताई, बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं ते सांगा. स्क्रीन निळी होऊन काही लिहून येतं, का आपोआप परत चालू होतो, का एकदम दिवा विझल्यासारखा जातो?"

मी म्हटलं दिवा विझल्यासारखा. तर म्हणाले बरं झालं हे सांगितलंत, कारण तिन्हीची कारणं वेगळी असतात. निळी स्क्रीन आली तर बहुतेक वेळा रॅम (चालू कामाची मेमरी), हार्डडिस्क (सगळ्या फायली साठतात ती) नाहीतर विंडोजचंच काहीतरी. सारखा रिस्टार्ट होत असेल तर आधी करंटकडे बघायचं, म्हणजे लाइट गेल्यावर बॅटरीवर चालवणारा यूपीएस आणि डब्यातल्या सगळ्या भागांना वीज देणारा एसएमपीएस. आणि काही वेळ नीट चालून एकदम गेला, लगेच परत चालू केला की या वेळी लवकर गेला, तर तापतोय. मी म्हटलं हो हो, दुसऱ्यांदा पाच मिनिटांतच जातो. मग त्यांनी विचारलं आतून टिक टिक असा आवाज येतो का, तारीख रोज चुकते का, आणि यूपीएस काढून सरळ भिंतीच्या बोर्डात लावून बघितलंय का. ते मी बघितलं नव्हतं. म्हणाले मग आज एवढं करा, यूपीएसशिवाय चालवून बघा, तरी बंद पडला तर यूपीएस सुटला त्यातून. पुष्कळ लोक यूपीएसची बॅटरी उतरलेली असते आणि कॉम्प्युटर बदलून बसतात.

आणि शेवटी एक सांगितलं जे मला आजही आठवतं, "जे गेलं तर तुम्हाला रडू येईल ते आत्ता लगेच पेनड्राइव्हवर घ्या, आणि मग बंद करून ठेवा, आवाज येत असेल तर चालू करून बघत बसू नका."

संध्याकाळी मी त्यांनी सांगितलं तसं सगळं केलं. यूपीएसशिवाय पण बंद पडला, म्हणजे यूपीएस चांगला. डब्याला कान लावला तर खरंच आवाज होता, टिक, थोडं थांबून टिक टिक, आणि ज्या क्षणी तो आवाज यायचा त्याच क्षणी स्क्रीन हँग व्हायची. इतके महिने मला वाटायचं पंख्याचा आवाज आहे. मग त्यांनी सांगितल्याप्रमाणे टास्क मॅनेजर उघडला, कंट्रोल शिफ्ट एस्केप दाबायचं. त्यात सीपीयू (इथे डबा नाही, आतली हिशोब करणारी मुख्य चिप, प्रोसेसर) आठ-दहा टक्के, म्हणजे प्रोसेसर बिचारा रिकामा बसलाय, रॅम साठ-सत्तर टक्के, आणि डिस्क १०० टक्के लाल. परफॉर्मन्सच्या पानावर डिस्कचा रिस्पॉन्स टाइम असतो तो मिलिसेकंदात लिहिलेला असतो, काका म्हणाले होते की चांगल्या हार्डडिस्कचा दहा-वीसच्या आसपास असतो, कामात असली तर थोडा जास्त, माझा तीन हजार, चार हजार असं दाखवत होता. म्हणजे एक एक गोष्ट वाचायला डिस्क तीन-चार सेकंद घेतीये. तुमचा कॉम्प्युटर स्लो असेल तर हे एक पान नक्की बघा, पैसे लागत नाहीत, काही बिघडत नाही, आणि दोन मिनिटांत कळतं की नेमकं अडतंय कुठे. सीपीयू शंभर असेल तर एखादा प्रोग्रॅम नाहीतर व्हायरस, रॅम भरलेली असेल तर रॅम कमी पडतीये, डिस्क शंभर आणि बाकी सगळं शांत असेल तर हार्डडिस्क.

शनिवारी ह्यांना अंबडच्या औद्योगिक वसाहतीत सुट्टी असते म्हणून शनिवारी गेलो. मुंबई नाक्याला नेहमीसारखं अडकलो, पुढे सिंहस्थ कुंभमेळ्याच्या कामांची धूळ, आणि त्या धुळीचंच पुढे दर्शन झालं. काकांनी आमच्यासमोर झाकण उघडलं तर आत राखाडी रंगाची गोधडीच होती. प्रोसेसरवरच्या पंख्याच्या पात्यांमध्ये धुळीची जाड पट्टी बसलेली, खालच्या ॲल्युमिनियमच्या फटी पूर्ण बंद. त्यांनी लगेच ब्लोअर मारला नाही. आधी मोबाइलवर सगळ्या वायरींचा फोटो काढला, मग म्हणाले इकडे या ताई, बघा. त्या पंख्याला चार कोपऱ्यांत चार प्लास्टिकच्या पांढऱ्या खुंट्या असतात, काळ्या टोपीच्या, त्या मदरबोर्डमध्ये दाबून बसवलेल्या असतात. त्यातली एक तुटून वर आली होती. त्यामुळे पूर्ण हीटसिंक, म्हणजे पंख्याखालचा तो ॲल्युमिनियमचा ठोकळा, एका बाजूने नखभर उचलला गेला होता आणि प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता. बोटाने दाबून दाखवलं, सोडलं की परत वर. एवढीशी खुंटी. त्याने माझा कॉम्प्युटर अर्ध्या तासाने बंद पडत होता.

त्यांनी समजावलं की प्रोसेसर तापला की तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे स्लो होण्याचं ते पण एक कारण, आणि तरीही तापत राहिला तर जळू नये म्हणून स्वतःच बंद होतो. म्हणजे जे आम्हाला बिघाड वाटत होतं ते खरं तर त्याने स्वतःला वाचवणं होतं. मला हे ऐकून खरंच त्या मशीनबद्दल माया वाटली.

मग मागच्या दाराला नेऊन ब्लोअर मारला, आणि मारताना पंख्यात पेन घालून धरला होता, पंखा हवेने गरागरा फिरू द्यायचा नाही म्हणाले, बेअरिंग खराब होतं. प्रोसेसरची उष्णता हीटसिंकपर्यंत पोचवायला मध्ये एक पेस्ट असते, ती जुनी वाळून खडूसारखी झाली होती, ती पुसून मटाराच्या दाण्याएवढी नवीन लावली, जास्त लावून फायदा नसतो. खुंट्या चारी नवीन टाकल्या. रॅम काढून तिच्या सोनेरी पट्टीवर खोडरबर फिरवला, अगदी पोरं वहीत खोडतात तसा, ब्रशने भुगा झटकला आणि परत बसवली. हे खोडरबरचं मी ऐकलं होतं, खरं वाटत नव्हतं, पण बराच काळ झाला की त्या पट्टीवर एक थर चढतो आणि टेकणं नीट होत नाही, कॉम्प्युटर चालू होताना नुसते बीप बीप देऊन थांबला तर पहिला उपाय हाच म्हणाले. फक्त प्लग काढून करायचं आणि हात आधी डब्याच्या पत्र्याला लावून घ्यायचा.

तारखेचं कारण तर सगळ्यात साधं निघालं. मदरबोर्डवर एक नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२, तीन व्होल्टचा, वीज बंद असताना घड्याळ तोच चालवतो. मीटर लावला तर २.१ दाखवलं. चाळीस रुपयांचा सेल. मी चार महिने रोज सकाळी तारीख बदलत होते.

आता मुख्य आजार, हार्डडिस्क. ती काढून त्यांच्या मशीनला लावली आणि क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे तो उघडला. निळं दाखवलं तर चांगली, लाल म्हणजे वाईट, माझी पिवळी. हार्डडिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतः ठेवत असते हे मला माहीतच नव्हतं. त्यात दोन ओळींवर त्यांनी बोट ठेवलं. एका ओळीत डिस्कने आतापर्यंत खराब म्हणून सोडून दिलेल्या जागा, त्यांच्या बदल्यात राखीवमधल्या जागा वापरल्या त्या. दुसऱ्या ओळीत अशा जागा ज्या तिला आत्ता वाचता येत नाहीयेत आणि काय करायचं ते ठरलेलं नाही. दुसरी ओळ शून्य नसली की सावध व्हायचं, आणि माझी तर वाढलेली होती. डिस्क त्या खराब जागेवर परत परत वाचायचा प्रयत्न करते, तोपर्यंत विंडोज थांबून राहतं, आणि आपल्याला वाटतं कॉम्प्युटर म्हातारा झाला.

इथे एक गोष्ट मी मुद्दाम लिहितीये कारण मी स्वतः ती चूक करणार होते. यूट्यूबवर बघून मी चेकडिस्क ही विंडोजची कमांड चालवायचं ठरवलं होतं, ती आर लावून पूर्ण डिस्क तपासतात ती. काका म्हणाले बरं झालं नाही केलंत, डिस्क मरायला टेकलेली असताना तिला सलग काही तास पहिल्यापासून शेवटपर्यंत पळवली तर असलेला डेटा पण जाऊ शकतो. आधी डेटा काढायचा, मग काय ते प्रयोग. डीफ्रॅगमेंटेशन, म्हणजे डिस्कवर विखुरलेल्या फायली एकत्र लावणं, त्याचं पण तसंच. आणि फॉरमॅट मारून द्या म्हणणाऱ्याला तर डिस्क देऊच नका, डिस्कच्या आतली खराब झालेली तबकडी फॉरमॅटने चांगली होत नाही, चार दिवस बरं वाटतं फक्त.

डेटासाठी त्यांनी डिस्क दोन रात्री ठेवून घेतली. त्यांची पद्धत अशी की सगळ्या डिस्कची हुबेहूब कॉपी काढायची, लिनक्सवर (विंडोजसारखीच पण फुकट सिस्टिम) डीडीरेस्क्यू म्हणून एक प्रोग्रॅम आहे त्याने, तो आधी जे सहज वाचता येतं ते सगळं पटापट घेतो आणि अडलेल्या जागा बाजूला ठेवून शेवटी त्यांच्यामागे लागतो. म्हणजे डिस्क मध्येच मेली तरी बरंचसं हातात आलेलं असतं. तिसऱ्या दिवशी फोन आला, "ताई, प्रश्नपत्रिका सगळ्या आल्या, फोटो आले, दोन व्हिडिओ नाही आले." त्या दोनातला एक मुलाच्या तिसरीच्या गॅदरिंगचा होता. वाईट वाटलंच. तो एकाच ठिकाणी ठेवला होता आणि ते माझ्याकडून झालं, दुसऱ्या कुणाचा त्यात दोष नाही.

नवीन डिस्क म्हणून २५६ जीबीची एसएसडी टाकली. त्यांनी विचारलं सी ड्राइव्हमध्ये खरंच किती भरलंय, बघितलं तर नव्वद पण नव्हतं, म्हणाले मग मोठी घेऊन काय करता, उरलेल्या पैशात बाहेरची हार्डडिस्क घ्या बॅकअपला. विकणारा माणूस कमी घ्या म्हणतो हे मी पहिल्यांदा बघितलं. एसएसडीत फिरणारं काही नसतं, त्यामुळे जिथे हार्डडिस्कला एखादी गोष्ट शोधायला दहाएक मिलिसेकंद लागतात तिथे हिला एका मिलिसेकंदाचा छोटा भाग लागतो, आणि चालू होताना विंडोज हजारो छोट्या छोट्या फायली वाचतं म्हणून फरक सगळ्यात जास्त तिथे जाणवतो. आमच्या मदरबोर्डवर चार साटा पोर्ट, म्हणजे डिस्कची वायर लावायच्या खाचा, आहेत, त्यातले दोनच वेगवान, सहा गिगाबिटचे, जुनी डिस्क हळूवाल्या पोर्टला लावलेली होती, ती वायर पण त्यांनी बदलून लावली. ऑनलाइन मागवणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, च्युइंगगमच्या पट्टीसारखी दिसते ती एम डॉट टू एसएसडी आमच्यासारख्या इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरच्या जुन्या मदरबोर्डवर सहसा बसत नाही, तिच्यासाठी खाचच नसते, अडीच इंची साटा वाली चौकोनी घ्यायची.

रॅम ४ जीबी होती, तिच्या शेजारची खाच रिकामी, तिथे तशीच डीडीआर३ प्रकारची ४ जीबी जुन्यातली टाकली. बिल असं, एसएसडी १,९५०, रॅम ६००, सेल ४०, साफसफाई पेस्ट खुंट्या मिळून ३५०, डेटा ८००, आणि विंडोज टाकून सगळं लावून द्यायचे ४००. हाताने लिहिलेलं बिल, पण त्यावर एसएसडीचा सिरियल नंबर लिहिलेला आणि खाली एक ओळ, "जुनी हार्डडिस्क ग्राहकास परत". ती त्यांनी कागदात गुंडाळून हातात दिली, म्हणाले तुमचे फोटो आहेत त्यात, ती कुणाकडेच सोडायची नाही, माझ्याकडे सुद्धा नाही.

घरी आणून लावला, बटण दाबलं, आणि मी सवयीने किचनकडे वळले तर मागून विंडोजचा आवाज आला. परत बंद करून घड्याळ लावलं, बावीस सेकंद. त्या दिवशी मी तो तीन वेळा बंद-चालू केला, काही काम नसताना.

विंडोजचं काय, हा प्रश्न राहतोच आणि त्यात काकांनी स्वप्नं दाखवली नाहीत. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते, आमचा चौथ्या पिढीचा, म्हणजे रीतसर होत नाही. काही जण जुगाड करून टाकून देतात, मी देत नाही म्हणाले, उद्या अपडेटला अडलं तर तुम्ही मलाच फोन करणार. त्याऐवजी मायक्रोसॉफ्टचं अकाउंट लावून एक वर्षाचे वाढीव सिक्युरिटी अपडेट घेता येतात ते चालू करून दिले, ते १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत येतील. त्यानंतर लिनक्स मिंट टाकू, तुमच्या कामाला पुरेल, मराठी टायपिंग पण होतं, एकदा येऊन दुकानात चालवून बघा म्हणाले. बँकेचं काम तोपर्यंत मोबाइलवरून करा असं पण सांगितलं. मी मिंट चालवून बघितलं, मला जमेल असं वाटतंय, फक्त माझ्या जुन्या पेपरांचे मराठी फॉन्ट नीट दिसतात का ते अजून सगळं तपासलेलं नाही.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या पण लिहिते. फोन उचलत नाहीत, सकाळी केलात तर दुपारी येईल या हिशोबाने करा. सोमवारी देतो म्हणाले होते, गुरुवार उजाडला, आणि ते आपणहून कळवत नाहीत, डेटाचा तो एक फोन सोडला तर मीच करत होते. मला त्या आठवड्यात चाचणीचा पेपर होता, तो शेजाऱ्यांकडे जाऊन टाइप करावा लागला. घरी येऊन नेत नाहीत, सीपीयू उचलून आपणच न्यायचा, आणि त्या गल्लीत चारचाकी जात नाही, लांब लावून चालत यावं लागतं. वयस्कर माणूस एकटा असेल तर त्याला हे जमणार नाही, हे मला खरंच वाटतं, त्यांनी एखादा पोरगा ठेवायला हवा. दुरुस्तीची गॅरंटी एक महिन्याची, एसएसडीची कंपनीची तीन वर्षं.

ते सगळ्यांनाच दुरुस्त करून देतात असंही नाही. आम्ही बसलेलो असताना एक जण लॅपटॉप घेऊन आला होता, पाणी सांडलेलं, बिजागरी तुटलेली, बॅटरी फुगून खालचा पत्रा वर आलेला. काकांनी फुगलेली बॅटरी बघितल्याबरोबर तो चार्जरवरून काढायला लावला आणि सरळ सांगितलं की यात घालाल तेवढे पैसे जातील, डेटा काढून देतो, बाकी नवीन घ्या. त्यांचं गणित असं की दुरुस्तीचा खर्च तशाच नवीन मशीनच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जायला लागला, किंवा मदरबोर्ड खरंच जळालेला असला, तर थांबायचं. पण जळालाय हे उघडून, त्यावरचे छोट्या नळकांड्यांसारखे कपॅसिटर फुगलेत का बघून, दुसरा एसएमपीएस लावून बघून मग म्हणायचं.

जाणार असाल तर फक्त डबा न्या, मॉनिटर, कीबोर्ड, वायरी काही लागत नाही, त्यांच्याकडे आहे. निघायच्या आधी घरी टास्क मॅनेजरचा मोबाइलवर एक फोटो काढून न्या, त्यांना तो बघायला आवडतो, त्यावरून अर्धं काम होतं. बंद कसा पडतो ते नीट बघून ठेवा कारण पहिला प्रश्न तोच येणार. पासवर्ड कागदावर लिहून द्यावा लागतो, परत आणल्यावर बदलून टाका, हे पण त्यांनीच सांगितलं. साडेदहाला शटर उघडतं, दुपारी दोन ते चार बंद. मी बाहेरची हार्डडिस्क पण घेतली, दर रविवारी क्लास सुटल्यावर कॉपी करते, आणि एसएसडी जाते तेव्हा टिक टिक करून सांगत नाही, बऱ्याचदा एकदम जाते, त्यामुळे ज्यांनी माझ्यासारखी टाकून घेतली असेल त्यांनी या रविवारपासून सुरू करा.